जुलाब थांबले म्हणजे काम संपलं नाही

सायली, मेडिसिन वॉर्डात रुजू होतेयस, तर मावशीचे चार शब्द ऐकून ठेव.

पेशंटला दिवसातून तीनदा किंवा जास्त पातळ जुलाब होऊ लागले की आधी केसपेपर मागे उलटून बघ. क्लिंडामायसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन झालंय का? असेल तर ‘क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल’ची शंका डॉक्टरांच्या कानावर घाल. जुलाब थांबवायची गोळी परस्पर द्यायची नाही.

हात साबण-पाण्यानेच धू. या जंतूचे बीजाणू सॅनिटायझरला दाद देत नाहीत. बेडपॅन, कमोड, कॉटचा कठडा ब्लीचनेच पुसून घे.

व्हँकोमायसिन इथे पोटातूनच द्यायचं, शिरेतून दिलेलं आतड्यात पुरेसं पोचत नाही. इंजेक्शनची पावडर विरघळवून प्यायला देताना पाहिलंस तर गोंधळू नकोस. साधारण १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, १० दिवस.

आता बरा झालेला पेशंट परत का येतो, ते नीट समजून घे. यकृत पित्ताम्लं तयार करतं. त्यातल्या टॉरोकोलेटने बीजाणूंना अंकुर फुटतात. आतड्यातले काही जंतू, उदाहरणार्थ क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स, या पित्ताम्लांचं रूप पालटून डीऑक्सिकोलेट बनवतात आणि ते या रोगजंतूची वाढ रोखतं. अँटिबायोटिकने हे राखणदारच मरतात. व्हँकोमायसिन रोगजंतूला मारतं, पण राखणदारांनाही सोडत नाही आणि बीजाणू तसेच उरतात. तणासोबत पीकही उपटलं, की मोकळ्या रानात पुन्हा तणच माजणार. म्हणून साधारण पाचातल्या एकाला दुखणं उलटतं, बहुधा दोन महिन्यांच्या आत.

पुन्हा पुन्हा उलटलं, तर तपासलेल्या निरोगी दात्याची विष्ठा आतड्यात सोडण्याचा उपचार असतो. नाक मुरडू नकोस. नेदरलँड्समधल्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १६ पैकी १३ जण पहिल्याच खेपेत बरे झाले, नुसत्या व्हँकोमायसिनवर १३ पैकी ४. दात्याची विष्ठा मिळालेल्या पेशंटांच्या आतड्यात पालटलेली पित्ताम्लंही परत दिसू लागतात. मात्र घरगुती प्रयोग कुणालाही करू देऊ नकोस.

जुलाब थांबल्यावर ‘बरा झाला का’ म्हणून पुन्हा तपासणी नको, बऱ्या माणसाचीही पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यापेक्षा डिस्चार्ज कार्डावर ठळक मराठीत लिही: ‘हा आजार होऊन गेला आहे. कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी आधी हे सांगा. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. पुन्हा जुलाब लागले तर त्याच दिवशी या.’ आणि ते नातेवाइकांकडून एकदा मोठ्याने वाचून घे.