बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा: जुन्या डिझेल पिकअपचं चार्जिंग घरी कसं तपासायचं



हंगाम तोंडावर आलाय. माल तोडून, कॅरेट भरून पहाटे तीनला सेल्फ मारावा आणि गाडीने नुसतं "कट कट" करावं, हा अनुभव जुनी पिकअप असलेल्या बहुतेकांना आहे. मग धक्का द्यायला शेजारपाजारच्यांना उठवायचं आणि दुसऱ्या दिवशी पहिलं काम म्हणजे नवी बॅटरी आणायची.

मागच्या हंगामात आपल्या एका सभासदाचं असंच झालं. टोमॅटो घेऊन मार्केटच्या रांगेत गाडी बंद केली, ती पुन्हा चालूच होईना. लिलाव हुकला, माल दुपारी मिळेल त्या भावात द्यावा लागला. त्यांनी नवी बॅटरी टाकली. तीन आठवड्यांत तीही बसली. शेवटी मीटर लावला तेव्हा कळलं की डायनामो चांगला आणि बॅटरीही चांगली. दोघांना जोडणाऱ्या जाड वायरचं टोक आतून हिरवं पडून सडलं होतं. टोक बदललं, काम झालं. पण तोवर एका बॅटरीचे पैसे आणि एका खेपेचा भाव गेला होता.

आजचा धडा एवढाच: *बॅटरी बसली म्हणजे बॅटरी खराब, असं नाही.* बॅटरी ही टाकी, डायनामो (म्हणजे अल्टरनेटर) हा पंप आणि वायरी ही पाइपलाइन. टाकी रिकामी दिसली तर टाकी गळत असेल, पंप पाणी देत नसेल किंवा पाइपलाइन चोंदली असेल. नेमकं काय बिघडलंय ते न बघता नवी टाकी आणली तर तीही रिकामीच होणार.

*लागणारं सामान*

साधा डिजिटल मल्टिमीटर. काहीशे रुपयांत मिळतो, मोटारीच्या स्टार्टरसाठी बऱ्याच जणांकडे असतोच. फक्त मोटारीसाठी आपण तो एसीवर ठेवतो, गाडीसाठी *डीसी व्होल्ट २०* वर ठेवायचा. लाल वायर व्होल्टच्या भोकात, काळी कॉमच्या भोकात. लाल वायर चुकून अँपिअरच्या भोकात राहिली आणि बॅटरीला लावली तर शॉर्ट होतं, तेवढं आधी बघा.

*आधी नुसतं डोळ्यांनी बघा*

१) टर्मिनल हाताने हलवा. हललं तर ढिलं आहे. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर टर्मिनल काढून खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. पुसून घट्ट बसवा, वरून व्हॅसलीन लावा. काढताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी.
२) बॅटरीचं पाणी बघा. कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. विहिरीचं, बोअरचं पाणी नको आणि ॲसिडही घालू नका.
३) इंजिन बंद असताना फॅन बेल्ट दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. जास्त दबला तर ढिला. कडा चकचकीत झाल्या असतील, तडे गेले असतील तर बदला.
४) इंजिन ते चेसी आणि बॅटरी ते चेसी जाणारी अर्थिंगची पट्टी बघा. जुन्या गाडीत ती गंजते, तिचे धागे तुटतात, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. नाही मिटली तर पुढे चला.

*पहिलं रीडिंग: सकाळी, गाडी चालू करण्याआधी*

लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला.
• १२.६ किंवा जास्त: बॅटरी भरलेली.
• १२.४: साधारण पाऊण भरलेली.
• १२.२: अर्धी.
• १२.० किंवा कमी: जवळजवळ रिकामी.

१२.४ च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या आणि मगच पुढचं रीडिंग घ्या. रिकाम्या बॅटरीवर सेल्फ तपासून काहीच कळत नाही.

*दुसरं रीडिंग: सेल्फ मारताना*

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मीटर बघायचा.
• १० च्या वर राहिलं आणि इंजिन जोरात फिरलं: बॅटरी ठीक.
• ९.६ च्या खाली गेलं: भरलेली बॅटरी लोड घेत नाही, किंवा सेल्फ जाम होऊन जास्त करंट ओढतोय. दुसरी चांगली बॅटरी लावून बघा. तरीही तसंच झालं तर सेल्फ उघडावा लागेल.
• व्होल्ट चांगले, पण इंजिन हळू फिरतं: वायर किंवा अर्थिंग खराब. काळं टोक बॅटरीच्या मायनसला आणि लाल टोक इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला लावून पुन्हा सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगची पट्टी बदला. सेल्फ मारताना क्लच किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम होते का बघा. होत असेल तर करंट अर्थिंग सोडून त्या केबलमधून जातोय.

*तिसरं रीडिंग: इंजिन चालू असताना*

गमछा, ओढणी, पदर, सैल बाही बेल्ट-फॅनपासून लांब ठेवा. थोडी रेस द्या आणि बॅटरीवर बघा.
• १३.८ ते १४.५: चार्जिंग बरोबर.
• पहिल्या रीडिंगइतकंच किंवा उतरत जाणारं: चार्जिंग होत नाही.
• १५ च्या वर: कट-आऊट (रेग्युलेटर) खराब. बॅटरी उकळते, पाणी लवकर संपतं, बल्ब वारंवार उडतात. अशी गाडी चालवत राहू नका.

आता हेडलाइट, वायपर, पंखा सगळं लावा. रीडिंग १३.५ च्या आसपास टिकलं पाहिजे. लोड दिल्यावर धाडकन उतरलं तर बेल्ट घसरतोय, डायनामोचा एखादा डायोड गेलाय किंवा मधला जोड खराब आहे.

*चार्जिंग कमी आलं, मग दोष कुठे?*

इंजिन आणि हेडलाइट चालूच ठेवा. मीटरचं लाल टोक डायनामोच्या मागच्या जाड वायरच्या नटाला लावा, काळं बॅटरीच्या मायनसला. तो नट थेट बॅटरीला जोडलेला असतो, म्हणून लाल टोक बॉडीला टेकू देऊ नका.

नटावर १४ च्या वर आणि बॅटरीवर १२.५, तर *डायनामो चांगला, वायर खराब.* वर सांगितलेल्या सभासदाच्या गाडीत हेच निघालं. या दोन रीडिंगमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. दोन्हीकडे कमी असेल, तर दोष डायनामोत किंवा त्याला सुरुवातीचा करंट देणाऱ्या बारीक वायरीत.

त्या वायरीची खूण म्हणजे मीटरवरचा बॅटरीचा लाल दिवा. चावी ऑन केल्यावर तो *लागला पाहिजे*, इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. चावी ऑन करूनही लागतच नसेल तर "बरं आहे, दिवा नाही" असं समजू नका. बल्ब उडाला असेल किंवा ती बारीक वायर तुटली असेल. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो दिवाच गेला की डायनामो चार्ज करायला लागत नाही, आणि एका छोट्या बल्बपायी अख्खा डायनामो उघडला जातो.

*चार्जिंग बरोबर, तरी सकाळी बॅटरी रिकामी?*

मग टाकी गळतेय. चावी काढा, दारं बंद करा, मायनस टर्मिनल काढा. टर्मिनल आणि बॅटरीच्या मायनसच्या मध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडा. बल्ब पेटला तर चोरून करंट जातोय. फ्यूज एकेक करून काढा, ज्या फ्यूजला बल्ब विझेल त्या लाइनवर दोष. जास्त करून टेप, नंतर बसवलेले दिवे किंवा चिकटलेला रिले निघतो. एकाही फ्यूजने विझला नाही तर वायरमनला दाखवा, डायनामोचा डायोड असू शकतो.

*जादा दिव्यांचा हिशेब करा.* ५५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टला ९ अँपिअरच्या वर. त्यात १०० वॅटचे चार दिवे वाढवले की आणखी ३३ अँपिअर. मार्केटच्या रांगेत मंद चालणाऱ्या इंजिनावर डायनामो आपली पूर्ण ताकद देत नाही. रांगेत उभे असाल तेव्हा जादा दिवे आणि टेप बंद ठेवा.

*या तीन गोष्टी कधीच करू नका*

❌ चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून "डायनामो चालतो का" बघणं. गावोगावी अजून हे करतात. त्या क्षणी व्होल्ट एकदम उसळतात आणि चांगल्या डायनामोचे डायोड, कट-आऊट उडतात.
❌ फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणून.
❌ बॅटरीजवळ विडी-काडी. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.

*सगळ्यात महत्त्वाचं: चालत्या गाडीत लाल दिवा लागला तर*

जुनं डिझेल इंजिन चार्जिंगशिवायही चालत राहतं, म्हणून बरेच जण "घरी गेल्यावर बघू" म्हणतात. तसं करू नका. बेल्ट तुटला असेल तर फक्त चार्जिंग जात नाही. बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असतो, म्हणजे इंजिन तापणार. आणि बऱ्याच जुन्या डिझेल पिकअपमध्ये ब्रेकला मदत करणारा *व्हॅक्यूम पंप डायनामोच्याच मागे* असतो. बेल्ट गेला की दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं कडक होतं. नाशिकहून वाशीला भरलेली गाडी कसारा घाटात उतरत असेल, तर याचा अर्थ काय ते सांगायला नको.

दिवा लागला की वेग कमी करा, खालच्या गिअरमध्ये गाडी हळूहळू बाजूला घ्या, ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका. थांबल्यावर चाकाला ओंडका लावा आणि मगच बॉनेट उघडा. बेल्ट तुटला असेल तर गाडी पुढे नेऊ नका. एक जादा बेल्ट आणि पाने गाडीत कायम ठेवा.

*आज करायचं काम:* उद्या सकाळी तीनही रीडिंग घ्या आणि तारखेसह वहीत लिहा. मेस्त्रीकडे गेलात तर "बॅटरी बसते" एवढंच सांगू नका. "बंद असताना १२.३, सेल्फला ९.८, चालू असताना १२.४" असं सांगा. त्याचा अर्धा वेळ वाचेल, आणि विनाकारण नवीन माल तुमच्या गळ्यात पडणार नाही.

रीडिंगमध्ये शंका असेल तर मीटरचा फोटो आणि गाडीचं मॉडेल-वर्ष ग्रुपवर टाका. हा मेसेज सेव्ह करून ठेवा आणि तुमची गाडी जो चालवतो त्यालाही पाठवा.

माल वेळेत पोहोचो, गाडी आणि माणसं सुखरूप घरी येवोत.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी