रास, रथ आणि जात

ज्वारीच्या राशीतून एक दाणा काढला तरी रास राहतेच. आणखी एक काढला तरी राहते. मग नेमका कोणता दाणा काढल्यावर ती रास राहत नाही? प्राचीन ग्रीक विचारवंतांनी विचारलेल्या या प्रश्नाला नेमके उत्तर नाही, कारण 'रास' या शब्दाची सीमाच धूसर आहे. परंतु म्हणून खळ्यावर रास नसतेच, असे कोणी म्हणत नाही.

समाजातील अनेक गोष्टी अशाच आहेत. मनुष्य एका रात्रीत प्रौढ होत नाही. तरीही मताधिकारासाठी कोठेतरी रेषा ओढावी लागते. आपल्याकडे ती २१ वर्षांवर होती. १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने ती १८ वर आणली. तरुण बदलले नव्हते, समाजाचा निर्णय बदलला.

'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात भदंत नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? तसे नाही. भाग एकत्र आले म्हणजे व्यवहारात त्यांना 'रथ' हे नाव मिळते. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्ध माणसामाणसांतील भेदांविषयी असाच विचार मांडतात. वनस्पती व प्राणी यांच्या जातींत जन्मजात खुणा दिसतात. माणसांत तशा खुणा नाहीत. तेथील भेद केवळ नावाचे आहेत. जो शेती करतो तो शेतकरी, जो व्यापार करतो तो व्यापारी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९३६ साली जात ही विटांची भिंत नसून मनाची धारणा आहे, असे प्रतिपादन केले.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. जात ही धारणा आहे, म्हणजे ती नाहीच, असा अर्थ होत नाही. नोट हा कागदच असतो, पण तिच्यावर घर चालते. आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये एका घोषणेने पाचशे-हजारच्या नोटांचे चलन संपले, तेव्हा रांगेत उभे राहण्याचे कष्ट खरेच होते. मानवनिर्मित गोष्टींचे परिणामही खरे असतात.

आपला स्वतःचा इतिहास पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. गावाची नजर त्या दिवशी बदलली नाही; पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील धर्माच्या अटीमुळे बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान राहिले नाही. ते १९९० च्या दुरुस्तीने मिळाले. मधल्या चौतीस वर्षांत कितीतरी तरुणांची नोकरीची वये उलटून गेली. रेषा कागदावरची होती, नुकसान आयुष्याचे झाले.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, दोन टोके टाळा. समाजाने ओढलेली रेषा निसर्गनियम समजू नका आणि ती मानवनिर्मित आहे म्हणून तिच्याकडे दुर्लक्षही करू नका. ती कोणी ओढली, कोणासाठी ओढली आणि तिच्यामुळे कोण बाहेर राहिले, हे प्रश्न विचारा. जे माणसांनी केले ते माणसांना बदलता येते. अनित्यतेच्या शिकवणीचा हा सामाजिक अर्थ आहे.

भवतु सब्ब मंगलं!