सात वर्षांची वाट

ठाण्याच्या उत्तरेस, खाडीच्या काठी, कोलशेत नावाचे एक गाव आहे. एके काळी ते कोळी व आगरी लोकांचे लहानसे गाव होते. पुढे गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा कारखाने उभे राहिले आणि आता तेथे उंच उंच इमारती झाल्या आहेत. अशा वस्तीत नाना तऱ्हेची कामे करणारी माणसे राहतात. त्यांपैकी कित्येकांचे काम मुदतीचे असते. वर्ष-दोन वर्षांचा करार संपला की एक काम हातावेगळे होते आणि दुसरे मिळेपर्यंत मधले काही दिवस मोकळे राहतात.

या मोकळ्या दिवसांचे करावे काय? कोणी ते काळजीत घालवतो, कोणी झोपेत. एखादा तरुण मात्र पाठीवर पिशवी टाकतो, घरच्यांचा निरोप घेतो आणि एकटाच लांबच्या प्रवासाला निघतो. आज असे प्रवासी पुष्कळ दिसतात. "हातचे काम नसताना हे कसले भटकणे?" असे वडीलधारी माणसे विचारतात. हा प्रश्न काही चुकीचा नाही. एकट्याने केलेली भटकंती व्यर्थ केव्हा ठरते आणि सार्थ केव्हा, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल, त्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गोव्यातून निघालेल्या एका प्रवाशाची हकीकत वाचावी. त्या प्रवाशाचे नाव धर्मानंद कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांकवाळ या गावी झाला. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगिजांचे राज्य होते. खेड्यात मराठी शिक्षणाची सोय यथातथाच असल्यामुळे धर्मानंदांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. लहान वयातच नारळाच्या बागांची देखरेख त्यांच्याकडे आली. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे लग्नही लवकर झाले. गडी लावावेत, नारळ उतरवावेत, हिशेब ठेवावा, असा त्यांचा दिनक्रम असे. परंतु मन त्यात रमेना. वाचनाची गोडी लागली होती आणि हाताला लागेल ते मराठी पुस्तक ते वाचून काढीत.

अशातच 'बालबोधमेवा' नावाच्या मासिकाचा एक अंक त्यांच्या वाचनात आला. हे मासिक मुलांसाठी निघत असे. त्यात भगवान बुद्धांचे लहानसे चरित्र होते. ते वाचून त्या तरुणाच्या मनात एक विचार रुजला. हा महापुरुष आपल्याच देशात जन्मला, त्याचा उपदेश दूरदूरच्या देशांत पोहोचला, आणि त्याच्याच जन्मभूमीत त्याची नीट माहिती देणारा माणूस मिळू नये, हे कसे? बुद्धांची शिकवण मुळापासून जाणून घ्यावी आणि ती मराठीत सांगावी, ही तळमळ त्यांना लागून राहिली.

तळमळ लागणे सोपे असते, घर सोडणे तसे सोपे नसते. १८९८ साली धर्मानंदांचे वडील वारले. पुढच्याच वर्षी त्यांना कन्या झाली. घरी तरुण पत्नी बाळाबाई, मांडीवर तान्हे मूल, पाठीशी नारळाच्या बागा आणि त्यांच्या विवंचना. एकीकडे कर्तव्याचे पाश, दुसरीकडे ज्ञानाची ओढ. या ओढाताणीत १८९९ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, धर्मानंदांनी घर सोडले. त्यांच्याजवळ पदवी नव्हती, इंग्रजी भाषा नव्हती आणि पैसाही बेताचाच होता.

प्रथम ते पुण्यास आले. तेथे थोर पंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. बौद्ध ग्रंथ वाचावयाचे तर प्रथम संस्कृत आले पाहिजे, आणि संस्कृतचे माहेरघर म्हणजे काशी. म्हणून ग्वाल्हेरच्या वाटेने ते काशीस पोहोचले. तेथे विद्यार्थ्यांसाठी अन्नछत्रे होती. छत्रात जेवावे, मिळेल त्या जागी पथारी टाकावी आणि शास्त्रीबोवांपुढे बसून पाठ घ्यावेत, असा क्रम सुरू झाला. गोव्याच्या उबदार हवेत वाढलेल्या माणसाला उत्तरेकडील कडाक्याची थंडी सोसावी लागली. पण व्याकरणाची सूत्रे पाठ होत होती आणि त्यांना तेवढे पुरेसे होते.

नेपाळात बौद्ध धर्म अजून जिवंत आहे, असे त्यांच्या कानी आले होते. १९०२ च्या आरंभी ते त्या देशाच्या वाटेला लागले. डोंगराळ वाट, उंच घाट, अनोळखी मुलूख! एवढे कष्ट सोसून ते काठमांडूस पोहोचले. पण ज्या अध्ययनासाठी एवढी यातायात केली, त्याची सोय तेथे दिसेना. त्यांची घोर निराशा झाली. दुसरा एखादा याच वेळी घरी परतला असता आणि त्याला कोणी नावेही ठेवली नसती. धर्मानंद मात्र नेपाळातून निघाले ते थेट बुद्धगयेस आले. जेथे सिद्धार्थ गौतमाला ज्ञानप्राप्ती झाली, त्या ठिकाणी त्यांना पुढची दिशा सापडली. पाली भाषा शिकावयाची असेल तर सिंहलद्वीपास जावे, असा सल्ला त्यांना मिळाला.

येथे पाली भाषेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. बुद्धांचा उपदेश ज्या ग्रंथांत जतन झाला, त्यांना 'त्रिपिटक' म्हणतात. ते पाली भाषेत आहेत. या भाषेला स्वतःची अशी एकच लिपी नाही. सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत आणि सयामात तेथील लिपीत. त्यामुळे ग्रंथ तेच असले, तरी ते वाचावयाला प्रत्येक देशात नवी बाराखडी गिरवावी लागते. भारतात या ग्रंथांचे पठणपाठण शतकानुशतके बंद पडले होते. जणू घरातील मौल्यवान ठेवा शेजाऱ्यांनी सांभाळून ठेवला होता आणि घरच्यांनाच त्याचा विसर पडला होता.

कलकत्त्यास महाबोधी सभेच्या लोकांनी साहाय्य केले आणि धर्मानंद मद्रासमार्गे कोलंबोस गेले. तेथे १८७३ साली स्थापन झालेले 'विद्योदय' नावाचे प्रसिद्ध विद्यापीठ होते. सुमंगल महास्थविर हे त्याचे आचार्य. त्यांच्या चरणांशी बसून धर्मानंदांनी पालीचे अध्ययन आरंभिले. पंचविशी उलटलेला हा विद्यार्थी लहान मुलाप्रमाणे सिंहली अक्षरे गिरवू लागला. त्याच वर्षी त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली. श्रामणेर म्हणजे भिक्षू होण्याची पहिली पायरी. त्याला दहा नियम पाळावे लागतात. दुपारनंतर जेवावयाचे नाही, सोन्यारुप्याला हात लावावयाचा नाही, हे त्यांपैकीच होत. तेथील आहार धर्मानंदांना मानवला नाही. प्रकृती खालावली, तेव्हा त्यांना मद्रासेस परतावे लागले. तरीही अभ्यास सुटला नाही. पुढे ते ब्रह्मदेशात गेले, तेथील लिपी शिकले आणि भिक्षूंच्या सहवासात राहिले. मधल्या काळात भारतात येऊन बुद्धांच्या चरित्राशी निगडित अशी पवित्र स्थळेही त्यांनी पाहिली. जे ग्रंथात वाचले, ते पायांखाली घातले.

आजचा प्रवासी निघण्यापूर्वी पाठीवरच्या पिशवीत काय काय घ्यावे, याची यादी करतो. धर्मानंदांची यादी फारच छोटी होती. अंगावरची वस्त्रे, भिक्षापात्र आणि मोजकी पुस्तके. ओझे हलके असले म्हणजे पाऊल लांबवर पडते, हे खरेच. परंतु एकट्या प्रवाशाला दुसरे एक ओझे वाहावे लागते, ते म्हणजे एकटेपणाचे. आजारात उशाशी बसावयाला कोणी नसते. वाट चुकली तर दोष द्यावयाला कोणी नसते. नवा निर्णय घ्यावयाचा, तो आपला आपणच. या ओझ्याखाली काही माणसे वाकतात, काही कणखर होतात.

आणि घरी? घरी बाळाबाई होत्या. आप्तांच्या आधाराने त्या दिवस काढीत होत्या. त्या काळी दूरध्वनी घरोघरी नव्हता. सारी भिस्त टपालावर. ज्या कन्येला पाळण्यात ठेवून वडील गेले, ती वडिलांवाचून चालू बोलू लागली. धर्मानंदांच्या विद्येची थोरवी सांगताना या मायलेकींनी दिलेले मोल विसरणे न्यायाचे होणार नाही. प्रवासी पुढे चालतो तेव्हा त्याच्या वाटणीचा भार मागे कोणीतरी उचलीत असतो. त्या उचलणाऱ्याचे नाव बहुधा इतिहासात येत नाही. म्हणून ते येथे मुद्दाम सांगितले आहे.

१९०६ साली धर्मानंद कलकत्त्यास आले. ज्याला शाळेचे शिक्षणही पुरते लाभले नव्हते, तो माणूस तेथील नॅशनल कॉलेजात आणि पुढे कलकत्ता विद्यापीठात पालीचा अध्यापक झाला! भिक्षूची वस्त्रे उतरवून ते पुन्हा संसारात आले. सुमारे सात वर्षांनी कुटुंबाची भेट झाली. पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, त्यांना पुत्र झाला. हेच पुढे गणिती आणि इतिहाससंशोधक म्हणून जगाला माहीत झालेले दामोदर धर्मानंद कोसंबी.

कलकत्त्यात धर्मानंदांचा जम बसला होता. परंतु घर सोडताना केलेला संकल्प ते विसरले नव्हते. आपली विद्या मराठी माणसाला मिळाली पाहिजे, हा तो संकल्प. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. महाराष्ट्रातील एखाद्या शहरी राहावे आणि ग्रंथलेखन करावे, एवढीच अट होती. धर्मानंदांनी कलकत्त्याचे स्थिर काम सोडून ही लहानशी वृत्ती स्वीकारली.

यापुढील त्यांचे आयुष्य म्हणजे मुदतीच्या कामांची एक मालिकाच होय. १९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलावले. 'विशुद्धिमग्ग' नावाच्या पाली ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध करण्याचे काम हेन्री क्लार्क वॉरन या पंडितांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. ते पुरे करण्यासाठी पाली जाणणारा माणूस हवा होता. १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली आणि मग ते पुन्हा हार्वर्डला गेले. पुढे अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ आणि १९२९ मध्ये रशियातील लेनिनग्राड. एक काम संपावे, बिऱ्हाड हलवावे, पुन्हा नवा देश, नवी माणसे. पण ज्याने तरुणपणी भिक्षापात्र घेऊन मुलूख पालथा घातला, त्याला बदलाची भीती कशी वाटावी? १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातही ते हिरिरीने उतरले आणि त्यांनी कारावास सोसला.

प्रवासात मिळवलेले त्यांनी स्वतःपाशी ठेवले नाही. 'भगवान बुद्ध' हे चरित्र आणि इतर अनेक ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिले. आपल्या भ्रमंतीची हकीकत त्यांनी 'निवेदन' या पुस्तकात सांगितली आहे. ते पुस्तक १९२४ साली प्रसिद्ध झाले. जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला. ज्या 'विशुद्धिमग्गा'साठी ते समुद्रापलीकडे गेले होते, त्याची हार्वर्डची आवृत्ती त्यांच्यामागे १९५० साली निघाली. तिच्यावर वॉरन यांच्या नावासोबत कोसंबींचेही नाव आहे.

आता पुन्हा कोलशेतच्या खाडीकाठी येऊ. करार संपलेला तो तरुण पाठीवर पिशवी घेऊन उभा आहे. त्याच्या खिशात दूरध्वनी आहे, आगगाडीचे तिकीट आहे, वाट दाखवणारा नकाशा आहे. सात वर्षे घर सोडण्याची त्याला गरज नाही आणि कोणी तसे करावे असेही नाही. परंतु निघण्यापूर्वी त्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मी कशाच्या शोधात निघालो आहे? माझ्यामागे माझा भार कोण उचलणार आहे? आणि परत येताना मी इतरांसाठी काय घेऊन येणार आहे? या तीन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याचे मोकळे दिवस वाया गेले असे कोणी म्हणणार नाही.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) धर्मानंदांच्या मनात बुद्धचरित्राविषयी ओढ कशामुळे निर्माण झाली?
(आ) नेपाळात त्यांची निराशा का झाली? त्यानंतर त्यांनी काय केले?
(इ) पाली ग्रंथ वाचण्यासाठी निरनिराळ्या लिप्या का शिकाव्या लागतात?

२. कारणे सांगा.
(अ) धर्मानंद सिंहलद्वीपातून मद्रासेस परतले.
(आ) त्यांनी कलकत्त्याचे काम सोडले.

३. 'प्रवासी पुढे चालतो तेव्हा त्याच्या वाटणीचा भार मागे कोणीतरी उचलीत असतो.' या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा. धर्मानंदांनी घर सोडले ते योग्य केले काय? दोन्ही बाजूंचा विचार करून आपले मत लिहा.

४. पुढील शब्दप्रयोगांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : हातावेगळे होणे, मुलूख पालथा घालणे, जम बसणे, भिस्त असणे, नावे ठेवणे.

५. नकाशात पुणे, ग्वाल्हेर, काशी, काठमांडू, बुद्धगया, कलकत्ता, मद्रास व कोलंबो ही ठिकाणे शोधा आणि धर्मानंदांचा मार्ग रेखाटा. यांपैकी कोणत्या शहरांची नावे आज बदलली आहेत, ते लिहा.