गहू न सोसणारे पोट

आमच्या लहानपणी महाड-पोलादपूरकडे गव्हाची पोळी सणावारी मिळे. रोजचे जेवण म्हणजे भात, नाचणीची भाकरी आणि डोंगरावरची वरी. आता सकाळी चहाबरोबर बिस्कीट, दुपारी पोळी, बाजाराच्या दिवशी वडापाव. गहू घरोघर आला. त्यात वाईट काही नाही. गहू चांगले धान्य आहे. पण एखाद्याच्या पोटाला तो सोसत नाही. या आजाराला सीलिॲक आजार म्हणतात. त्याची माहिती आज आपण करून घेऊ.

कणीक मळली की ती चिकट होते, ताणली जाते. म्हणून पोळी लाटता येते. नाचणीच्या पिठाला तसा ताण नसतो. म्हणून भाकरी थापावी लागते. गव्हातला हा चिकटपणा ग्लूटेन नावाच्या द्रव्यामुळे येतो. जवातही असेच द्रव्य असते.

आपल्या आतड्याला आतून बारीक लव असते. भाताच्या रोपांचा दाट वाफा असतो ना, तशी. ही लव अन्नातला कस शोषून घेते. सीलिॲक आजारात शरीर ग्लूटेनला शत्रू समजते. त्याच्याशी झगडताना आपलीच लव झडते. मग कितीही खा, अंगाला लागत नाही.

लहान पोराला वरचेवर जुलाब होतात. पोट फुगते, हातपाय काटकुळे राहतात, उंची वाढत नाही. मोठ्यांना कधी कधी जुलाब होतच नाहीत. नुसता थकवा येतो. लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त भरत नाही. हाडे ठिसूळ होतात. एखाद्या बाईचा गर्भ टिकत नाही. मग घरात बोलणी सुरू होतात, "सून कामचुकार आहे," "पोराला नजर लागली." मंडळी, दोष सुनेचा नाही आणि नजरेचाही नाही. अंगारे-धुपारे करण्यात दिवस घालवू नका.

हा शोध कसा लागला? हॉलंड देशात डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे, तिथे मोठी उपासमार झाली. पाव मिळेना. पण या आजाराची मुले उलट सुधारली! पाव परत आला, तशी ती पुन्हा आजारी पडली. 1950 साली डॉक्टरांनी आपला प्रबंध लिहिला.

आपल्या देशातही तपासणी झाली. तिचे निष्कर्ष 2016 साली छापून आले. उत्तरेत शंभरात एकाहून थोड्या अधिक लोकांना हा आजार आढळला. दक्षिणेत हजारात एकाला. या आजाराकडे असणारा अंगचा कल दोन्हीकडे जवळपास सारखाच होता. उत्तरेत गहू मात्र कितीतरी जास्त खाल्ला जात होता.

अशक्तपणा जंतांमुळेही येतो, हिवतापानेही येतो. म्हणून मनानेच गहू सोडू नका. आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. या आजारासाठी रक्ताची खास तपासणी असते. पुढे मोठ्या इस्पितळात नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा तपासतात. तपासणी होईपर्यंत गहू चालू ठेवावा. आधीच सोडला, तर आजार सापडत नाही. आजार ठरला, तर रोग्याच्या भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करावी.

यावर उपाय एकच. गहू जन्मभर बंद. रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्कीट बंद. खपली गहूसुद्धा चालत नाही. बाजारच्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते. गिरणीत गव्हामागून नाचणी दळली, तर तिच्यात गहू मिसळतो. रोग्याचे दळण घरच्या जात्यावर दळावे. पूजेच्या शिऱ्याचा एक घासही नको. त्याला खोबरे-साखर द्यावी. देव काही रागावत नाही.

भात, नाचणी, वरी, ज्वारी, बाजरी, डाळी, मासे, अंडी हे सारे चालते. गहू सुटला की लव पुन्हा उगवू लागते. पोर बाळसे धरते. ज्या नाचणीला आपण गरिबाचे धान्य म्हणून नावे ठेवली, तीच इथे कामाला येते.

सांगा पाहू :
1. नाचणीची पोळी का लाटता येत नाही?
2. तपासणीआधी गहू का सोडू नये?
3. तुमच्या गिरणीत कोणते दळण आधी होते?