शून्य दाबाला अर्धा व्होल्ट

प्रेशर सेन्सर व्होल्टेज देतो. दाबाचा आकडा त्यावरून हिशेबाने काढावा लागतो. बाजारात सर्रास मिळणारा 5 व्होल्टचा सेन्सर शून्य दाबाला 0.5 आणि पूर्ण क्षमतेला 4.5 व्होल्ट देतो. तळाचा अर्धा व्होल्ट मुद्दाम राखलेला असतो, म्हणजे बिघाड आणि शून्य दाब यांची गल्लत होत नाही. 0 ते 10 बारच्या सेन्सरसाठी व्होल्टेजमधून आधी 0.5 वजा करावे, उरलेल्याला 4 ने भागून 10 ने गुणावे.

ही वजाबाकी राहिली आणि 5 व्होल्ट म्हणजे 10 बार असे सरळ धरले, तर चूक लवकर सापडत नाही. कारण 2.5 व्होल्टला दोन्ही हिशेबांनी 5 बारच येतात. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत एका पंपाच्या लाइनवर प्रस्तुत लेखकाने हेच पाहिले. पंप 5 बारवर चालताना डिस्प्ले आणि काट्याचा गेज तंतोतंत जुळत. पंप बंद करून लाइन रिकामी केली तरी डिस्प्लेवर 1 बार राही. तो हवेचा दाब समजला गेला आणि प्रोग्रॅममध्ये सरसकट 1 वजा करण्यात आला. शून्य जुळले, मात्र 10 बारला डिस्प्ले 8 दाखवू लागला. खरा दाब कमी दाखवणारी चूक सर्वांत धोक्याची. मुळात असा सेन्सर बहुधा गेज प्रकारचा असतो, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब तो शून्यच मानतो.

पुरवठ्याचे व्होल्टेजही पाहावे लागते. या जातीच्या सेन्सरचा आउटपुट पुरवठ्याच्या प्रमाणात बदलतो. 5 ऐवजी 4.7 व्होल्ट मिळाले, तर 2.5 बारला 1.5 ऐवजी 1.41 व्होल्ट येतात आणि हिशेब 2.28 बार सांगतो. आउटपुटला पुरवठ्याने भागून त्या गुणोत्तरातून 0.1 वजा करावे, 0.8 ने भागावे आणि 10 ने गुणावे. मग ही चूक उरत नाही. 3.3 व्होल्टच्या बोर्डाला 4.5 व्होल्ट थेट जोडू नयेत, आधी रेझिस्टरने विभागून घ्यावेत.

क्षमता निवडताना पाण्याची उंची मोजावी. सुमारे 10.2 मीटर पाणी म्हणजे 1 बार. पेणमधल्या एखाद्या इमारतीच्या टाकीतले पाणी सेन्सरपासून 20 मीटर उंच असेल, तर पाणी स्थिर असताना 1.96 बार दिसायला हवेत. तपासणीची ही सर्वांत स्वस्त सोय. उलट, ज्या भिरा वीजकेंद्राचे पाणी कुंडलिकेतून रोह्याकडे येते, तिथे ते सुमारे 500 मीटरवरून उतरते. तो दाब 50 बारच्या घरात जातो. जुन्या गेजवर किलो प्रति चौरस सेंटिमीटर हे एकक असेल, तर असा 1 किलो 0.98 बार होतो.

सेन्सर बसवणाऱ्याने एकाच बिंदूवर आकडा जुळला म्हणून काम संपवू नये. लाइन हवेला उघडून शून्य पाहावे, आणि क्षमतेच्या वरच्या टोकाजवळ खात्रीच्या गेजशी पुन्हा ताडून घ्यावे.