उंची, वय आणि मैदानावरची जागा

चि. सोहम,

तुझ्या फिटनेस टेस्टचे आकडे ताईने फोनवर वाचून दाखवले. 30 मीटर धावण्यात पहिला, उभ्या उडीत पहिला, वर्षभरात उंची 9 सेंटिमीटरने वाढलेली. सरांनी तुला फॉरवर्डला घातलं आणि तू गोलांवर गोल करतोयस. आनंद झालाच. पण लाडका भाचा असलास तरी खरं सांगतो, यातल्या बऱ्याच गोलांचं श्रेय तुझ्या लवकर आलेल्या वाढीला आहे.

मुलांची उंची साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढते. कुणाची बाराव्यालाच, कुणाची पंधरावं उलटल्यावर. त्यामुळे एकाच संघात मिसरूड फुटलेला आणि अजून पोरसवदा दिसणारा असे दोघंही असतात. त्यात जन्मतारखेची भर. 2017 चा सतरा वर्षांखालचा फुटबॉल विश्वचषक आपल्याकडे झाला, त्याला 1 जानेवारी 2000 किंवा नंतरचा जन्म लागत होता. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, पण गट एकच. तू जानेवारीतला, हे विसरू नकोस. इंग्लंडमधले क्लब तर अधूनमधून वय बाजूला ठेवून शरीराच्या वाढीप्रमाणे गट पाडतात आणि सामने खेळवतात.

अठराव्या वर्षापर्यंत बाकीची पोरं तुला गाठतील. मग चेंडू पुढे ढकलून नुसतं पळणं चालायचं नाही. चेंडू येण्याआधी मान वळवून आजूबाजूला पाहणं, पहिल्याच स्पर्शात तो ताब्यात घेणं, डावा पाय, हे आत्ता नाही शिकलास तर तेव्हा फार जड जाईल.

आणि उंच म्हणजे फॉरवर्ड किंवा स्टॉपर, हे कुणी ठरवलं? त्याच विश्वचषकात 9 ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध भारताचा गोल केला तो जीक्सन सिंगने, कॉर्नरवर डोक्याने. पोरगा चांगला उंच, पण खेळायचा हाफला, म्हणजे मधल्या फळीत. उलट सुनील छेत्रीची उंची जेमतेम 170 सेंटिमीटर, तरी हेडिंग बघ त्याचं. उडी कधी घ्यायची ते त्याला नेमकं कळतं. 2006 चा विश्वचषक जिंकणाऱ्या इटलीचा कर्णधार कानावारो पावणेसहा फुटांच्या आसपासचा, आणि जागा स्टॉपरची!

30 मीटरचा वेग विंगरला लागतो खरा, पण तोच वेग त्याला सामन्याच्या शेवटीही पुन्हा पुन्हा काढता आला पाहिजे. मोठ्यांच्या सामन्यात मधल्या फळीतला खेळाडू 10 ते 12 किलोमीटर धावतो, गोलकीपर त्याच्या निम्मं. एका टेस्टवरून जागा ठरत नसते.

गुडघ्याखालचं हाड दुखतं म्हणे तुझं. ते अंगावर काढू नकोस. हाड भराभर वाढतं तेव्हा मांडीचे स्नायू त्याला वर ओढत असतात. सोनगीरच्या तांबटांकडे बघ, भांडं ठोकून कडक झालं की भट्टीत तापवून नरम करून घेतात, नाहीतर चीर जाते. तसाच तुझ्या हाडालाही मध्ये विसावा हवा. दुखेल तेव्हा उड्या आणि कडक जमिनीवरचं पळणं कमी कर, सरांना सांग, दुखणं राहिलंच तर डॉक्टरांना दाखव. दर तीन महिन्यांनी दारामागे उंचीची खूण कर. 2 सेंटिमीटरच्या वर सरकली तर सराव हलका ठेव. आणि कळण्याची भाकरी बघून नाक मुरडत जाऊ नकोस.

सरांना विचारून सरावाचे पुढचे काही सामने हाफला खेळ. गोल कमी होतील, होऊ देत. घरी भिंतीवर चेंडू मारशील तो फक्त डाव्या पायाने. ताईला म्हणावं, केळी पाठवतोय.

तुझा,
मामा