संघीय परतफेड आणि टेक्सासची घरपट्टी

प्रश्न : सीमासुरक्षेवरील खर्चाची परतफेड संघीय सरकारकडून टेक्सासला मिळाल्यास ती घरपट्टी-सवलत म्हणून थेट घरमालकांच्या हाती पडते का? – एक वाचक, डॅलस

उत्तर : थेट पडत नाही. तेथे घरपट्टी राज्य नव्हे, तर शाळा-जिल्हे, काउंटी व शहरे आकारतात. त्यामुळे परतफेड, म्हणजेच आधी झालेल्या खर्चाची भरपाई, विधिमंडळाच्या मंजुरीनेच शाळा-जिल्ह्यांकडे वळवून त्यांचे करदर उतरवता येतात. मात्र अशी रक्कम एकदाच येते आणि सवलतीचा भार दरवर्षी पडतो, हे ध्यानी ठेवावे. तरीही आपण निर्धास्त असावे : राहत्या घराच्या करपात्र मूल्यातील सूट, जी शाळा-करापुरती २०२५ मध्ये १,४०,००० डॉलर झाली, ती काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयात अर्ज केल्यास मिळते आणि मूल्यांकन अवाजवी वाटल्यास साधारणतः १५ मेपर्यंत हरकत घेता येते.